केम म्हणजे आला

उजेड पुरता गेलेला नाही आणि दिवा अजून लागलेला नाही, अशा कातरवेळी आमच्या घराच्या भिंतीवर एक कान उमटायचा. कोळशानं काढलेला, काळाभोर, वाटोळा, तळाशी किंचित उघडा. कानाच्या अलीकडं दोन कमानी, आणि कमानींच्या अलीकडं पोट पुढं काढून बसलेली एक बाई... दिवसाउजेडी ती नुसती रेघोटी असे. माश्या तिच्यावर बसत, पाल तिच्यावरून सरसर जाई आणि कुणाला काही वाटत नसे. पण दिवेलागणीला चुलीतला जाळ खालीवर होऊ लागला की ती बाई श्वास घेई, आणि तो कान — अगदी खरं सांगते — ऐकू लागे. ए, एम आणि ई अशी ती तीन इंग्रजी अक्षरं होती. मला तेव्हा कुठल्याच भाषेतलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

त्या तीन अक्षरांचं सगळं घराणं मात्र मला तोंडपाठ होतं. नेम म्हणजे नाव. गेम म्हणजे खेळ. फेम म्हणजे कीर्ती. टेम म्हणजे माणसाळलेला. लेम म्हणजे लंगडा. शेम म्हणजे लाज. ब्लेम म्हणजे दोष. फ्लेम म्हणजे ज्योत. फ्रेम म्हणजे चौकट. सेम म्हणजे तोच... इथवर मी म्हणायची आणि थांबायची. पुढचा एक शब्द माझा नव्हता.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं, तामलवाडीच्या शिवेला लागून. सोलापूरच्या वाटेनं थोडं चाललं की निजामाचं राज्य संपायचं आणि इंग्रजांचं सुरू व्हायचं. मध्ये करोडगिरीचा नाका, तिथं जकातीसाठी गाडीतली गाठोडी सोडून बघत. नाक्याच्या अलीकडं दरबारी भाषा उर्दू, पलीकडं इंग्रजी, आणि आमच्या घरात अव्वा चुलीशी बसली की कानडी बोले आणि दारात आली की मराठी. अव्वा म्हणजे माझी आई. आप्पा उर्दू शिकलेले होते, धान्याचं लहानसं दुकान चालवत आणि गल्ल्याशी बसून बारीक आवाजात हिशेब पुटपुटत. आपल्या पोरानं मात्र इंग्रजी शिकावं असा त्यांनी हट्टच धरला होता. म्हणून माझा थोरला भाऊ, अण्णा, सोलापूरला मावशीकडं राहून शाळा शिकायचा आणि दर शनिवारी चालत घरी यायचा.

अण्णा हुशार होता म्हणावं तर तसाही नव्हता. शब्द त्याच्या डोक्यात ठरत नसत. शेवटी त्याच्या मास्तरांनी त्याला युक्ती सांगितली, की शेवटची अक्षरं सारखी असलेले शब्द एका जागी गोळा कर आणि अर्थासकट घोळून म्हण. घरी येऊन तीच युक्ती तो मला ऐटीत सांगू लागला. “निले, शब्दांना बी आडनावं असत्यात बघ. आडनाव एकच, माणसं निरनिराळी. हे एमवाल्यांचं घराणं. चल, म्हण माझ्यामागं.” त्याला पाठ करायला कुणीतरी समोर बसायला हवं असे आणि घरात रिकामी मीच. दोन शनिवारांत मला सगळं पाठ झालं आणि तो आपला लंगड्याशीच अडलेला. “मुडद्या, पोरगी पुढं गेली की रं तुझ्या!” असं म्हणून अव्वा खो खो हसायची. मग त्यानं चिडून चुलीतला कोळसा घेतला आणि दाराशेजारच्या भिंतीवर ती तीन अक्षरं काढली — येता-जाता डोळ्यांसमोर राहावीत म्हणून.

वरच्या आळीत सांजेला पोरांचा परवचा चाले, पाढे आणि श्लोक. आमच्याकडं अव्वा देवळीत करडईच्या तेलाचा दिवा लावी, आमच्या कपाळाला विभूती ओढी, आणि मग सुरू होई हा इंग्रजी परवचा. आप्पा दुकानातून ऐकत आणि मिशीत हसत. अव्वाला एका अक्षराचा अर्थ कळत नसे, पण लय तिला आवडायची. भाकरी थापता थापता तिचा हात त्या लयीवर पडे. थप्... नेम म्हणजे नाव. थप्... गेम म्हणजे खेळ. पिठाचा गोड वास, करडईच्या तेलाचा उग्र वास, बाहेरून येणारा कडब्याचा वास, आणि या सगळ्यांत त्या परक्या भाषेचे शब्द जणू आमच्याच घरी वाढलेले!

दुसरंही एक घराणं होतं, ते अव्वाला अजिबात खपत नसे. वेल म्हणजे विहीर, फेल म्हणजे पडला, येल म्हणजे किंचाळणे, टेल म्हणजे सांगणे... एकदा मी ते म्हणाले आणि अण्णानं अर्थ नीट उलगडून सांगितले, तशी ती परात सरकवून उठलीच. “गप्प बसा! सांजच्या पारी विहिरी काढू नका.” तिच्या तोंडावरचा रंग उडालेला होता.

त्याला कारण होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक विहीर होती आणि त्या विहिरीत एका घरची तरणी सून सापडली होती. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. दिवेलागणीला बाहेरून तिला एकच हाक आली, नवऱ्याच्या आवाजात. ती “आले” म्हणून उठली आणि गेली. नवरा तर आत माजघरात झोपलेला होता... तेव्हापासून म्हणा, की त्याच्याही फार आधीपासून म्हणा, आमच्या गल्लीत एक रीत होती. सांज झाल्यावर बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेला द्यायची नाही. तिसऱ्या हाकेला द्यायची. जितं माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस नसतं त्याला एकदाच मुभा असते. झालं! सगळा गाव हे पाळायचा. संध्याकाळी दूध घालायला येणारी बाई “अव्वा, अव्वा, ओ अव्वा” असं एका दमात उरकून टाकी आणि वर आम्हांलाच दटावी, की उघडा आता, म्या जितीच हाय. पाव्हणे आले तरी तसंच. आम्ही पोरं आत ओठांवर हात दाबून हाका मोजत बसायचो, आणि पहिल्या नि दुसऱ्या हाकेच्या मधल्या त्या एवढ्याशा पोकळीत माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. दर वेळी यायचा.

अण्णा सोलापूरची हवा लागलेला. तो या रीतीची टर उडवायचा. आणि टर उडवता उडवताच त्यानं एक खेळ काढला. शनिवारी तो पोचायचा तो नेमका दिवेलागणीलाच. आल्याबरोबर आत न शिरता भिंतीबाहेर, लिंबाच्या बुंध्याशी उभा राहायचा आणि माझा परवचा ऐकायचा. मी ‘सेम म्हणजे तोच’ म्हणून थांबले की बाहेरून त्याचा आवाज यायचा, “केम म्हणजे आला!” आणि मी ओरडायचे, “मग ये की आत!” तो उंबरा ओलांडून हसत आत. अव्वा दर शनिवारी त्याच्या पाठीत धपाटा घालायची. “एका हाकेवर येतूस भुतावानी! तीन हाका मारायला तोंड दुखतंय व्हय रं?” तो म्हणायचा, “अव्वा, निलीनं मला वळखलं की. मग आणि कशाला तीन हाका?”

ओळखणं... त्या वेळी ते किती सोपं वाटायचं.

मग दिवस फिरले. पलीकडं इंग्रज गेले, स्वराज्य आलं, आणि आम्ही मात्र नाक्याच्या अलीकडंच राहिलो. गावात रझाकारांची धास्ती भरली. बायका उन्हं कलायच्या आत पाणी भरू लागल्या, दुकानं लवकर मिटू लागली, रस्त्यावर घोड्याच्या टापा वाजल्या की घराघरांतून कड्या लागत. निजामाचं राज्य हिंदुस्थानात सामील व्हावं म्हणून हद्दीपलीकडं, सोलापूरच्या अंगाला, आमच्याच भागातल्या पोरांचे कॅम्प पडले होते. शाळा सोडून अण्णा तिकडं गेला. जायच्या आधी एकदा घरी आला, तो अव्वाच्या पाया पडण्यापुरता. अव्वा रडत रडत भाकऱ्या फडक्यात बांधत होती आणि तो माझ्याजवळ उकिडवा बसला. त्याच्या अंगाला घामाचा आणि ओल्या घोंगडीचा वास येत होता.

“निले, ध्यान देऊन ऐक. म्या कवातरी सांजचा येईन. आधी भायेर थांबून ऐकीन. तू म्हणत असलीस तर घर मोकळं हाय. तू गप असलीस, न्हायतर मदीच थांबलीस, तर आत कुणीतरी परकं हाय असं म्या समजीन आन् माघारी जाईन. म्या सापडलो तर ते आप्पांना बी धरतील. कळलं का?”

मी मान हलवली. “आन् तू ‘केम’ म्हणलास की?”

“मग तू म्हण, ये की आत. नेहमीसारकं.”

अव्वानं गाठ मारता मारता एवढंच ऐकलं, की पोरं अजून खेळाचंच बोलत आहेत. तो गेला. त्या दिवसापासून ती मला एकही सांज चुकू देईना. ताप असो, पडसं असो, दिवा लावला की तिचं आधी तेच, “निले, म्हण.” मी म्हणायची. शेवटी थांबायची. बाहेर लिंबाची पानं सळसळायची आणि दोघी एकमेकींकडं न बघता ऐकत राहायचो.

शाळूची ज्वारी त्या वर्षी अमाप उंच आली होती. गावाच्या चहूबाजूंनी हिरवं-करडं रान माणसाच्या डोक्यावरून गेलेलं. हुरड्याचे दिवस, पण हुरडा भाजायला कुणी शेतात थांबत नव्हतं. संध्याकाळी वारा सुटला की त्या उभ्या पिकातून कुणीतरी चालत यावं तसा खसखस आवाज गावापर्यंत येई... आणि खरोखर कुणी येत आहे की नुसता वारा आहे, हे सांगायची सोय नव्हती. अशातच तुळजापूरच्या बाजारातून खबर आली. कॅम्पातली काही पोरं एका ओढ्यात मारली गेली, त्यांत तुमचा अण्णा होता म्हणे. म्हणे! कुणी पाहिलेलं नाही, कुणाला नीट ठाऊक नाही. आप्पा त्याच पावली नाक्याकडं निघाले, काही कळतं का बघायला. अव्वा रडली नाही. “मुडदा बगितल्याबिगर म्या रडणार न्हाय,” असं म्हणाली आणि जात्यावर बसली. दुपारभर दळत राहिली. एवढं पीठ आम्हांला कशाला हवं होतं, देव जाणे.

सांज झाली. आप्पा आलेले नव्हते. घरात आम्ही दोघीच. अव्वानं दिवा लावला, विभूती लावली, तिची बोटं माझ्या कपाळावर गार लागली. “म्हण,” ती म्हणाली, पण आवाज तिचा वाटेना. भिंतीवरचा कान त्या दिवशी नेहमीहून मोठा दिसत होता. मी सुरुवात केली. नेम म्हणजे नाव. अव्वा परातीशी बसली होती, पण तिचा हात लयीवर पडत नव्हता. पिठात तसाच रुतून राहिला होता. फ्लेम म्हणजे ज्योत, म्हणताना देवळीतली ज्योत फरफरली. फ्रेम म्हणजे चौकट. सेम म्हणजे तोच...

मी थांबले.

आणि बाहेरून, लिंबाच्या अंगानं, अगदी हळू आवाज आला —

“केम म्हणजे आला.”

माझ्या घशात उत्तर आलंच होतं. तेवढ्यात अव्वाचा हात माझ्या तोंडावर बसला. पिठानं माखलेला, ओला, जड हात. तिनं मला छातीशी असं दाबलं की तिच्या काळजाची धडधड माझ्या डोक्यात वाजू लागली. “ओ देऊ नको,” ती माझ्या कानात श्वासानं बोलली. “एकदाच आलाय आवाज. थांब. जिता असंल तर आणि मारील हाक.”

आम्ही थांबलो. रांजणाच्या बुडाशी पाण्याचा थेंब पडला. परत पडला. माझ्या नाकातोंडात पीठ जात होतं आणि दाराच्या फटीतून मला बाहेरचा एवढासा तुकडा दिसत होता, संधिप्रकाशाचा, राखेच्या रंगाचा. त्या तुकड्यात आमच्या काळ्याची शेपटी होती. काळ्या म्हणजे आमचा कुत्रा, परक्या माणसाचा वारा लागला तरी घर डोक्यावर घेणारा. तो भुंकत नव्हता. त्याची शेपटी जमिनीवर धप् धप् आपटत होती.

दुसरी हाक आली नाही. बाहेर कुणीतरी उभं होतं, हे मात्र नक्की; उभ्या असलेल्या माणसाला एक वजन असतं, ते भिंतीतून कळतं. मग वाळलेल्या पाल्यावर पाय पडल्याचा आवाज झाला. मग ज्वारीची खसखस, आधी जवळ, मग दूर, मग नुसता वारा.

अव्वानं हात काढला तेव्हा तिच्या बोटांचे वळ माझ्या गालांवर होते. “आवाज त्योच व्हता गं,” ती म्हणाली, आणि आता ती रडली, ऊर बडवून रडली, कारण तिच्या लेखी आता खबर पक्की झाली होती. मी सांगायला गेले, “अव्वा, काळ्या शेपूट हलवत हुता...” तर ती म्हणाली, “भुंकला का? न्हाय न्हवं? माणूस असतं तर भुंकला असता.” मलाही ते पटलं. खरंच, त्या घटकेला मलाही ते पटलं, आणि माझ्या भावाच्या आवाजाची मला इतकी भीती वाटली की रात्रभर मी अव्वाच्या पदरात तोंड खुपसून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले, नाक्यावरून परतवलेले, दमलेले. पुढंही त्यांनी खटपट केली, पण कॅम्पात पोरं नावं बदलून राहत; विचारणार कुणाला नि कुणाच्या नावानं? कॅम्पात गेलेल्या पोरांच्या घरांवर नजर असते असं ऐकल्यावर त्यांनी गावाबाहेर पडणंच सोडलं. आणि अव्वानं माझा परवचा बंद केला. “त्या शब्दांच्या वाटंनं येतंय ते,” ती म्हणाली. तिनं उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली, चौकटीला बाभळीची काटेरी फांदी बांधली. भिंतीवरच्या अक्षरांवर ती पोचारा फिरवणार होती, पण ओलं फडकं हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि तशीच माघारी वळली. ते काही तिच्यानं झालं नाही.

त्यानंतर आमच्या घरातल्या सांजा मुक्या झाल्या. दिवा लागायचा, विभूती लागायची, आणि मग काही नाही. ज्वारी निघाली, रान मोकळं झालं, उन्हाळा आला. कधीकधी त्या वेळी लिंबाखाली कुणीतरी थांबल्यासारखं वाटायचं... एकदा अनोळखी पावलं वाजली, थोडी थांबली आणि गेली. काळ्या त्यांच्यावर जीव तोडून भुंकला. अव्वा माझ्याकडं बघायची आणि ओठांवर बोट ठेवायची. मी गप्प राहायची. जिभेवर शब्द असायचे, ओळीनं उभे, आणि मी ते गिळायची. भुकेल्या पोटी पाणी प्यावं तसे ते आत डुचमळायचे.

पावसाळा सरता सरता फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. गावानं गुढ्या उभारल्या, साखर वाटली. कॅम्पातली पोरं घरोघर परतू लागली. आणि एका दुपारी मल्लू नावाचा एक पोरगा आमच्या दारात आला, अण्णाचा सोबती, शेजारच्या गावचा. दुपार होती तरी त्यानं तीनदा हाक मारली. आप्पांनी त्याला घोंगडीवर बसवलं. तो पाण्याचा तांब्या हातात धरून बसला, पाणी काही प्याला नाही.

अण्णा गेला होता. पण तुळजापूरच्या बाजारात खबर उठली तेव्हा नव्हे. त्याच्या कितीतरी नंतर, मृगाच्या तोंडावर, हद्दीजवळच्या एका झटापटीत, गोळी लागून. मल्लू जवळच होता.

अव्वा चुलीपाशी बसली होती. तिनं अगदी शांतपणे विचारलं, “मग हुरड्याच्या दिवसांत जिता व्हता?”

“व्हता की अव्वा. त्या दिवसांत तर हितं येऊन गेला. तुमाला न्हाय कळलं?” मल्लूनं आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघितलं. “म्या शिवंवर ज्वारीत बसलो हुतो, त्यो एकटाच गावात आला. परत आला तवा तोंड पडलं हुतं. म्हणला, घरात कुणीतरी परकं बसलंय. निली म्हणत हुती, नेहमीच्या जागी थांबली. म्या शब्द टाकला तरी ओ दिली न्हाय. आता म्या गेलो तर आप्पांना धरतील.”

आमची तोंडं त्याला बघवेनात, म्हणून तांब्याकडं बघत तो पुढं बोलत राहिला. “त्याच्या मागनं लई सांगायचा बघा. कोण हिकडून जाणार असंल तर त्याला म्हणायचा, आमच्या घरामागनं जा, लिंबाखाली थांब, पोरगी काय म्हणत्याय का बघ. म्या सोता दोनदा येऊन गेलो. आत दिवा दिसायचा. पर आवाज न्हाय. तसं सांगितलं की म्हणायचा, अजून हायती तर ती माणसं. अजून न्हाय जाता यायचं.”

आमच्या घरात परकं माणूस कुणीच नव्हतं हो. अव्वा होती, आप्पा होते, मी होते. आम्ही त्याला भूत समजून आत श्वास रोखून बसलो होतो, आणि बाहेर तो हाडामासाचा, उपाशी, लिंबाला हात टेकून उभा. आज विचार करते तेव्हा मला वाटतं, त्या सांजेला त्या भिंतीच्या अलीकडं-पलीकडं भूत जर कुठं असलंच, तर ते आतल्या बाजूला होतं. आत दिवा आहे, चुलीचा धूर आहे, माणसं आहेत, आणि आपल्याच लेकराला कुणी ओ देत नाही! माझ्या भावानं काय पाहिलं असेल, या विचारानं मला आजही घाम फुटतो.

ब्लेम म्हणजे दोष. हा शब्द आमच्या घराण्यात होता, पण घरात तो कुणी कुणावर टाकला नाही. आप्पांनी अव्वाला कधी एका शब्दानं विचारलं नाही. मीही नाही. तिनं आपल्या लेकीला जपलं, विहिरीत गेलेल्या त्या सुनेची आठवण ठेवून जपलं; जपायची हीच रीत तिला माहीत होती. पण त्या दुपारी मल्लू गेल्यावर ती आपला उजवा हात समोर धरून बसून राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. सांज झाली तेव्हा उठली. राखेची रेघ पुसली, बाभळीची फांदी ओढून काढली — काटे रुतले, रक्त आलं, तिला शुद्ध नव्हती. दिवा लावला. आणि म्हणाली, “निले, म्हण.”

मी म्हटलं. शेवटी थांबले. बाहेर लिंब सळसळला, आणि अव्वा तिथल्या तिथं, कशाचीही हाक आलेली नसताना, दाराकडं तोंड करून म्हणाली, “ये की आत.”

ती पुढं कैक वर्षं जगली. मी शाळेत गेले, शिकले, पुढं शिक्षिकाही झाले, आणि आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं; भिंतीवरची बाई, कमानी आणि कान मला सगळ्यांत शेवटी अक्षरं म्हणून दिसले, आणि दिसले तेव्हा फार लहान वाटले. पण सुटीत गावी गेले की दिवेलागणीला तेच. अव्वानं ती रीत मोडूनच टाकली होती. सांजेला बाहेर काहीही वाजो, मांजर असो, वाऱ्यानं ढकललेली टोपली असो, ती लगेच ओ द्यायची. “ये, ये बाबा.” गल्लीतल्या बाया म्हणत, म्हातारीचं डोकं फिरलं. व्रात्य पोरं मुद्दाम एकच हाक मारून पळत. ती त्यांनाही म्हणायची, ये. एकदा मी चिडून त्या पोरांच्या मागं धावले, तर म्हणाली, “जाऊ दे गं. मारू दे हाक. त्यांतली एखांदी त्याची असंल.”

शेवटच्या दिवसांत तिचं बोलणं थांबलं होतं. ओठ हलत, आवाज येत नसे. आप्पा आधीच गेलेले. ती खाटेवर, खाट दाराशी आणलेली, दार सताड उघडं. सांज झाली. देवळीत मीच दिवा लावला आणि तिच्या कपाळाला विभूती लावली. कपाळ गार होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. काय हवंय ते सांगायची गरज नव्हती. मी हळूहळू, तिला कळेल असं, म्हणत गेले. तिचा उजवा हात गोधडीवर होता, आणि किती वर्षांनी, तो लयीवर पडत होता... थप्. थप्. सेम म्हणजे तोच, म्हटलं आणि मी थांबले.

तिचा हात थांबला. अंगणात लिंबाचं एक पान हलत नव्हतं. उघड्या दारातल्या त्या राखेच्या रंगाच्या उजेडाकडं ती बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा असा फुलला, जसा मी तो फक्त शनिवारीच फुललेला पाहिला होता. किती दिवस न फुटलेला आवाज फुटला. स्वच्छ, घरगुती, थोडा रागावलेला.

“आलास? मग ये की आत.”

मी दाराकडं वळून बघितलं नाही. भीती म्हणून नव्हे. ते बोलणं त्या दोघांचं होतं.

ते घर आता नाही. सोलापूरची सडक रुंद झाली, त्यात लिंब गेला, भिंत गेली, ती तीन अक्षरंही गेली. मी लेकाकडं राहते, तिसऱ्या मजल्यावर. इथं कुणी हाक मारत नाही, घंटी वाजवतात. नातीची मुलगी शाळेतून तेच शब्द घेऊन येते, सोफ्यावर लोळत घडाघडा म्हणते, आणि एका दमात शेवटचाही म्हणून टाकते. मी तिला अडवत नाही. पण तिचं झालं की मी माझं मनाशी एकदा म्हणते, दिवेलागणीला, सावकाश, आणि शेवटची जागा मोकळी सोडते. त्या वेळी घराचं दार मी उघडं ठेवते. सूनबाई वैतागते, डास येतात म्हणून. येऊ देत.